डबा उघडू नका

नवरात्र जवळ आलं की सोसायटीच्या लिफ्टमध्ये भोंडल्याचा कागद लागतो. तारीख, वेळ, साडीचा रंग, माणशी वर्गणी आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत मेनू: ढोकळा, इडली-चटणी, गुलाबजाम. तो मेनू वाचला की माझ्या लेखी भोंडला तिथेच संपतो. फेर होईल, गाणी होतील, फोटोही निघतील. पण ज्या गोष्टीसाठी परकरातल्या पोरी शेजारणीच्या ओट्यावर जीव मुठीत धरून बसायच्या, ती गेली. खिरापत काय आहे हे आधीच छापून टाकलंत, तर ओळखायचं काय?

घरच्या घरी, मोजक्या माणसांत, थोडा चावटपणा आणि थोडे कष्ट करून भोंडला घालायचा असेल, तर तो कसा घालावा यासाठी हा लेख. मोठ्या हॉलमधला, स्टेजवरचा, बक्षिसांचा भोंडला ज्यांना आवडतो त्यांनी तो जरूर करावा. मला त्यात स्वयंपाकघर दिसत नाही, एवढंच.

भोंडला हा मुळातच गमतीचा प्रकार आहे. सोवळं नाही, मुहूर्त नाही, गुरुजींची वाट बघायला नको. पाटावर हत्ती काढायचा, त्याला हळदकुंकू वाहायचं, भोवती फेर धरून गाणी म्हणायची, शेवटी बंद डब्यातली खिरापत ओळखायची. आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून दसऱ्यापर्यंत कोणत्याही संध्याकाळी करा. सूर्य साधारण 27 सप्टेंबरला हस्त नक्षत्रात जातो. पावसाळा संपता संपता गडगडाट करत येणाऱ्या त्या पावसाला आपण हत्तीचा पाऊस म्हणतो, आणि पाटावर बसतो तो हाच हत्ती. कोल्हापूर-सांगलीकडे याचाच हादगा होतो. तो 16 दिवस चालतो, भिंतीवर हत्तींचं चित्र लावून त्याला फळाफुलांच्या माळा घालतात. विदर्भ-खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसते. तिथे हत्तीच्या जागी भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती असतात. नाव वेगळं, मांडणी वेगळी, पण बंद डबा सगळीकडे आहे. भुलाबाईपुढे तर तो डबा कानाशी नेऊन खुळखुळ वाजवून दाखवतात, आणि आवाजावरून आतला खाऊ ओळखायचा असतो.

पहिला प्रश्न माणसांचा. फेर धरायला पाच जणी पुरतात, बारा-पंधरा असल्या तर रंग चढतो, पंचविसाच्या पुढे गेलात की मागच्यांना गाणं ऐकू येत नाही आणि मग कुणीतरी माइक आणतं. माइक आला की फेरातल्या बायका गप्प होतात. एकटी गाते, बाकीच्या चालतात. म्हणून पंचविसाच्या वर बोलावू नका. जास्त माणसं हवीच असतील तर दोन संध्याकाळी करा, नाहीतर दोन फेर करा: आत लहान मुलींचा, बाहेर मोठ्यांचा, एकमेकींच्या उलट दिशेने फिरणारा. लहान पोरींना तो उलटा फेर भारी आवडतो, कारण दर फेरीला आई समोरून जाते आणि तिला चिमटा काढता येतो.

जागा मोकळी हवी, पण पाऊस ध्यानात ठेवा. गच्ची ठरवली असेल तर जिन्याखालची किंवा पार्किंगमधली जागाही मनात असू द्या. हत्तीचा पाऊस सांगून येत नाही. हॉलमध्ये करत असाल तर टीपॉय आणि पायपुसणी आधी बाजूला काढा, गालिचा गुंडाळा. खालच्या मजल्यावरच्यांना नुसतं कळवू नका, बोलवा. एकदा फेरात आल्या की पाय आपटल्याची तक्रार त्या स्वतःविरुद्ध कशाला करतील?

आता हत्ती. याबाबतीत माझं मत ठाम आहे: हत्ती विकत आणू नये. पितळेचा, चांदीचा, काचेचा असा दिवाणखान्यातला हत्ती पाटावर ठेवला की पूजा देखणी दिसते, पण हसायला काही उरत नाही. खडूने किंवा ओल्या तांदळाच्या पिठाने पाटावर हाताने हत्ती काढा, आणि तो घरातल्या ज्या माणसाची चित्रकला सगळ्यात यथातथा आहे त्याच्याकडून काढून घ्या. पाठ, पोट, चार खांब, सोंड, शेपटी. सोंड कुठून सुरू करायची इथे बहुतेकांचं गाडं अडतं आणि हत्तीचा मुंगूस होतो. होऊ द्या. आलेली प्रत्येक बाई पाटाकडे बघून काहीतरी बोलणारच, आणि भोंडल्याचा पहिला हशा तिथे फुकटात मिळतो. हुशार मुलांना बाह्यरेषा भरायला द्या: तांदूळ, मसूरडाळ, मूग, कपाळाला एक हळकुंड, डोळ्याला मिरी. धान्य नंतर निवडून खिचडीत टाकता येतं. रांगोळी मात्र टाळलेली बरी. फेर सुरू झाला की कुणाचा तरी पदर नाहीतर ओढणी तिच्यावरून जाते आणि हत्ती वाहून गेल्यासारखा दिसतो.

गाण्यांची धास्ती घेऊ नका. हल्ली बायका पहिलं वाक्य हेच म्हणतात की आम्हाला गाणी येत नाहीत. येतात. ऐकलेली असतात, फक्त मधली कडवी गळालेली असतात. घरात किंवा मजल्यावर एखादी आजी, मावशी असेलच. तिला आठवडाभर आधी गाठा, तिच्याकडून पाच-सहा गाणी लिहून घ्या, मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवा आणि त्याच्या प्रती काढा. फोनवर गाणी लावून फेर धरू नका. फोनमधली बाई थांबत नाही, आणि भोंडल्यात थांबावं लागतं: कुणाचं कडवं चुकतं, कुणी आपल्या माहेरचा पाठ वेगळा असल्याचं सांगतं, त्यावरून दोन मिनिटं हुज्जत होते. सोलापूरचा एक पाठ, नाशिकचा एक पाठ, दोन्ही म्हणून टाका.

सुरुवात गणेशाला आळवणाऱ्या गाण्याने आणि शेवट खिरापत मागणाऱ्या गाण्याने, हे ठरलेलंच आहे. मध्ये काय घ्यायचं ते माणसं बघून ठरवा. साखळीची गाणी नवख्यांना सोपी जातात. कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या: सुनेला माहेरी जायचंय, सासू म्हणते आधी कारल्याचं बी पेर. ते पेरून होतं, तर म्हणे वेल वाढू दे, मग फूल येऊ दे, मग कारलं लागू दे, मग भाजी कर, खा, भांडी घास. सरकारी कचेरीत अर्ज घेऊन गेलेल्या कुणालाही हे गाणं लगेच कळतं. त्यात दर कडव्याला एकच गोष्ट पुढे सरकते, त्यामुळे पाठांतर लागत नाही. आणि वेड्याच्या बायकोचं गाणं तर हवंच. ती बिचारी करंज्या करते, नवरा त्या होड्या समजून पाण्यात सोडतो. ती श्रीखंड करते, तो चुना समजून भिंतीला फासतो. त्याच धर्तीवर आजच्या घरातल्या वस्तू घालून नवी कडवी जोडायला सांगा. एकीने सांगितलं, आमच्याकडचा नवरा फ्रीजमधली भिजवलेली कणीक फेसपॅक समजेल. दुसरी म्हणाली, तो एअर फ्रायरमध्ये मोजे वाळवेल. यमक जुळलं नाही तरी चालतं. फेर चालू ठेवून बोलायचं, एवढीच अट.

एकूण गाण्यांना अर्धा-पाऊण तास पुरे. पूर्वी जितवा दिवस तितकी गाणी आणि तितक्या खिरापती, म्हणजे पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं चढत जायचं. तुम्ही एकच संध्याकाळ करणार असाल तर तीन खिरापती हा चांगला आकडा आहे. एक झाली तर खेळ लवकर संपतो, पाच झाल्या तर जेवण होतं.

आणि आता खरा विषय.

खिरापत निवडताना चव दुय्यम. ओळखायला अवघड, पण सांगितल्यावर 'अरे, एवढं साधं!' असं वाटायला लावणारा पदार्थ हवा. अननसाचा चीजकेक कुणालाच ओळखता येणार नाही, पण त्यात मजा नाही, कारण तो कुणाच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. उलट उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा ठेवून बघा. त्या दिवसांत ओल्या शेंगा बाजारात असतात, सगळ्यांनी परवाच खाल्लेल्या असतात, आणि तरी पंधरा बायका वीस मिनिटं चकली, कडबोळी, शंकरपाळे करत बसतात. शिंगाडे, सीताफळ, उकडलेलं रताळं यांचाही असाच गुण. फळ कुणी खिरापत म्हणून देईल असं वाटतच नाही. रोज डोळ्यांसमोर असलेला पदार्थ सुचत नाही, हाच इथला सगळा डाव आहे.

दुसरी जात विसरलेल्या पदार्थांची. साटोरी, सांदण, खांडवी, घारगे, तांदळाच्या पिठाची गोड बोरं, मोकळ भाजणी, पानगी, निनाव. यांतलं एखादं निवडलंत तर आज्या ताबडतोब ओळखतात आणि तरुण मुली आ वासतात. म्हणून तीन खिरापतींमध्ये एक आज्यांची, एक साधी, एक मुलांची ठेवा. मुलांची म्हणजे भेळ नव्हे. भेळ सगळे पहिल्या दमात ओळखतात. शिकरण ठेवा. वाटीतलं पातळ शिकरण डब्यात असेल ही कल्पनाच मुलांना अचाट वाटते.

तिन्ही पदार्थ एकाच घराने करायची गरज नाही. मात्र प्रत्येकीने काहीतरी करून आणा म्हटलंत तर चार ढोकळे आणि तीन कोथिंबीर वड्या येतात. यावर उपाय: एक गुपितदार नेमा. तीन जणी पदार्थ करणार, त्यांनी आपल्या पदार्थाचं नाव फक्त गुपितदाराला सांगायचं. गुपितदार खेळात ओळखायला नाही, ती पंच. व्हॉट्सॲप ग्रुपवर पदार्थाचं नाव चुकूनही येता कामा नये, आणि 'कुणाकडे मोठं मोदकपात्र आहे का' असले सवालही ग्रुपवर टाकायचे नाहीत. गेल्या काही वर्षांत फुटलेल्या खिरापतींपैकी निम्म्या अशाच फुटल्या आहेत, निदान आमच्या गल्लीत.

वास हा दुसरा फितूर. तळणीचा वास जिन्याने तीन मजले उतरतो. तळायचं असेल तर सकाळी तळा, खिडक्या उघड्या ठेवा. किंवा मग फितुरालाच कामाला लावा: संध्याकाळी माणसं येण्याच्या पंधरा मिनिटं आधी नुसती हिंग-मोहरीची फोडणी करून स्वयंपाकघरभर फिरवा. डब्यात असतील नारळाच्या वड्या. येणारी प्रत्येक जण दारातच नाक वर करून हसते, आपल्याला कळलं असं समजते, आणि पुढचे दहा प्रश्न वाया घालवते. त्या फोडणीवर नंतर उद्याचं वरण होतं.

डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा, आणि पदार्थापेक्षा बराच मोठा घ्या. आकारावरून अंदाज येतो. सुकी खिरापत असेल तर ती डब्यात मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवा म्हणजे आवाज मरतो; ओली असेल तर छोट्या डब्यात भरून तो मोठ्या डब्यात ठेवा आणि भोवतीने मूठभर शेंगदाणे सोडा. हलवला की खडखड वाजतो. आत अळूवडी आहे हे कुणाच्या बापालाही कळत नाही. हे खोटेपणाचं वाटत असेल तर वाटू द्या. खेळात तेवढं चालतं. तोंडी उत्तर मात्र खरं द्यायचं. 'तिखट आहे का?' असं विचारल्यावर तिखट असून नाही म्हणणं हा भोंडल्यातला एकमेव गुन्हा.

प्रश्नोत्तरांचीही एक रीत आहे. सगळ्यांनी एकदम ओरडायचं नाही. फेरातल्याच क्रमाने एकेकीने एक प्रश्न विचारायचा. साधारण असं चालतं:

"तिखट की गोड?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं? आंबटगोड म्हणायचंय?"

"एका वेळी एकच प्रश्न, काकू."

"सुकी की ओली?"

"ना सुकी, ना ओली. मोकळी."

"तळलेली?"

"नाही."

"पोहे! दडपे पोहे!"

"नाही."

"उपमा. सांजा. मोकळ भाजणी."

"आजी, तुम्ही तीनदा बोललात. तुमची पाळी गेली."

"अगं, मी बोलले नाही, मी विचार केला."

"पहिलं अक्षर सांग ना."

"हरलात?"

इथे थांबायचं. पहिलं अक्षर लगेच सांगू नये. 'हरलात?' या प्रश्नाला सगळ्या मिळून 'हरलो' म्हणाल्या, तरच अक्षर. पण एकदा हरलो म्हटलं की आणखी एक गाणं म्हणावं लागेल, असा दंड ठेवा. मोठ्या बायका हरलो म्हणायला तयार नसतात, लहान मुलींना भूक लागलेली असते, आणि त्या दोघींमध्ये जे भांडण लागतं ते ऐकायला म्हणून तरी हा नियम ठेवावा. ज्या संवादाचा नमुना वर दिलाय, तिथे डब्यात वाटली डाळ होती.

ही वाटली डाळ म्हणजे खिरापतींची राणी. वीस माणसांना दोन-दोन चमचे पुरेल एवढी करायची तर अर्धा किलो हरभरा डाळ दुपारी चार-पाच तास भिजत घाला. निथळून, पाणी न घालता जाडसर वाटा. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, गंध झालं तर पिठलंच करावं लागेल. हिरव्या मिरच्या आणि थोडं आलं वाटणातच घाला. जाड बुडाच्या कढईत तेल सढळ हाताने घ्या, डाळ तेल पिते. मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता आणि आवडत असल्यास दोन सुक्या मिरच्या. त्यावर वाटलेली डाळ टाकून परता, मीठ घाला, मंद आचेवर झाकण ठेवून वाफ काढा. दर चार-पाच मिनिटांनी उलथन्याने गाठी फोडत राहायचं. सुरुवातीला ती कढईला चिकटते आणि आपण काहीतरी बिघडवलंय असं वाटतं. तीन-चार वाफांनंतर ती सुटते, रंग उजळतो, दाणा दाणा वेगळा होतो. कच्चा वास गेला की चमचाभर साखर, लिंबू, ओलं खोबरं, कोथिंबीर. गारही चांगली लागते, म्हणून डब्यात तासभर बसून राहिली तरी बिघडत नाही. खिरापतीच्या पदार्थाला हा गुण असायलाच हवा. गरमच खायचा पदार्थ, म्हणजे भजी किंवा घावन, खेळ लांबला की गळून जातो.

नवरात्रात अनेकींचे उपास असतात, हे मात्र आधी विचारून घ्या. तीनपैकी एक खिरापत उपासाची ठेवलीत तर कुणी हात बांधून बसत नाही: राजगिऱ्याच्या वड्या, खजुराचे लाडू, वऱ्याच्या तांदळाची धिरडी, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर. पण ती उपासाची आहे हे सांगायचं नाही. तो प्रश्न म्हणून येऊ द्या. 'उपासाला चालते का?' हा प्रश्न एकदा विचारला गेला की निम्मे पदार्थ बाद होतात, म्हणून जाणत्या बायका तो पहिलाच विचारतात. कुणाला दाण्याची ॲलर्जी असेल, मधुमेह असेल, तर ती माहिती गुपितदाराकडे हवी. तिथे गंमत नको.

थोडं चेष्टेविषयी. भोंडल्याची गाणी सासू, नणंद, दीर, नवरा यांच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतात. बारा-तेराव्या वर्षी लग्न होऊन परक्या घरी गेलेल्या मुलींनी ती म्हटली आहेत, वर्षातून काही संध्याकाळी, घरच्यांच्या देखत. त्यांची धार आज बोथट वाटत असली तरी ती खरीखुरी धार होती. त्यामुळे कुणाची टर उडवायची याचं भान ठेवा. घरात नुकतीच आलेली सून भोंडल्याला उभी असेल तर तिला उखाण्यासाठी कोपऱ्यात गाठू नका, तिच्या स्वयंपाकावर, रंगावर, माहेरावर विनोद नकोत. मग कुणावर हसायचं? वरच्यांवर. कारल्याच्या गाण्यातले सासूचे संवाद घरातल्या खऱ्या सासूबाईंना द्या. माझा अनुभव असा की त्या अशी फर्मास नकारघंटा वाजवतात की सुनांनासुद्धा फेर सोडून टाळ्या वाजवाव्या लागतात. एका काकूंनी तर कारल्याला आधी किडीचं औषध मार, मग माती परीक्षणाचा दाखला आण, अशी पदरची चार कडवी जोडली होती.

पुरुषांना फेरात घ्यायचं की नाही, यावर सोसायट्यांमध्ये बैठका होतात. माझं म्हणणं सोपं आहे: फेरात येण्याआधी त्यांनी एक खिरापत करून आणावी. एकट्याने, बायकोला न विचारता. यामुळे दोन गोष्टी होतात. एक म्हणजे पदार्थ खरोखर ओळखता येत नाही, कधी कधी खाल्ल्यावरही. दुसरी, डबा धरून उभं राहिल्यावर पंधरा बायकांच्या उलटतपासणीला तोंड देताना ऑफिसात टीम चालवणारा गृहस्थ सुद्धा गडबडतो आणि तिसऱ्या प्रश्नाला अक्षर सांगून मोकळा होतो. मुलग्यांना तर लहानपणापासूनच घ्या. हत्तीला डाळ चिकटवण्यात आणि डबा हलवून बघण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही.

शेजारी मराठी नसतील तरी बोलवा. याच रात्री गुजराती शेजारणीचा गरबा असतो, आणि हैदराबादकडून आलेल्या कुटुंबाच्या घरी फुलांची बतुकम्मा रचून तिच्याभोवती बायका गात फिरत असतात. फेर त्यांना शिकवावा लागत नाही. गाणं कळलं नाही तरी डबा कळतो. त्यांनी आपल्या घरची खिरापत आणली तर आणखी बहार. पातरा म्हणजे अळूवडीची सख्खी बहीण, हे तेलुगू आणि मराठी बायकांनी मिळून अर्ध्या तासाने ओळखावं आणि गुजराती बाईंनी गालात हसत बसावं, यापेक्षा चांगली ओळखपरेड काय असणार?

होस्टेलवर किंवा पीजीमध्ये राहणाऱ्या मुलींना गॅस नसतो, पाट नसतो. वहीच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने हत्ती काढा, तो स्टुलावर ठेवा. न शिजवता होणाऱ्या खिरापती पुष्कळ आहेत: मेतकूट लावलेले कच्चे चुरमुरे, दहीपोहे, शिकरण, गूळ-दाण्याचे लाडू, काकडीची खमंग कोशिंबीर. चौघी असल्या तर चौघींनी एकेक डबा आणायचा. प्रत्येकीला तीनदा ओळखायचं आणि एकदा छळायचं. परदेशात असाल तर शनिवार धरा, हत्ती घरासमोरच्या फरशीवर रंगीत खडूने काढा, आणि खोट्या फोडणीचा प्रयोग खिडकी उघडून करा, नाहीतर स्मोक अलार्मच सगळी गाणी म्हणेल. तिथल्या मुलांसाठी एक नियम उपयोगी पडतो: प्रश्न मराठीतच विचारायचा. कुरकुरीत, चिकट, ओलसर, तुरट, खमंग हे शब्द पुस्तकातून शिकवायला गेलात तर जांभया येतात. डबा समोर असला की पोरं आपणहून मागतात.

जाताना हातावर काय ठेवायचं? प्लास्टिकचे डबे, चाळण्या, पर्सेस वाटायची पद्धत पडली आहे, ती मला भोंडल्यात खटकते. खर्च वाढतो आणि पुढच्या वर्षी बोलावणारी दबते. झेंडूचं एक फूल पुरे. ज्या बाईने खिरापत ओळखली तिला मात्र एक चिठ्ठी द्या, करणाऱ्या बाईच्या हस्ताक्षरातली, त्या पदार्थाची कृती लिहिलेली. आमच्याकडच्या एका मावशी ती कृती लिहिताना एक जिन्नस हमखास गाळतात. घरी करून बघितल्यावर काहीतरी चुकतंय हे कळतं, मग त्यांना फोन करावा लागतो, आणि त्या पहिलं वाक्य म्हणतात, "हरलात?"

उरलेल्या खिरापतीचं त्याच रात्री वाटप करा, डाळ दुसऱ्या दिवशी आंबते. हत्तीवरचं धान्य मुलांकडून गोळा करून घ्या आणि पाट ओल्या फडक्याने पुसून टाका. पुढचा भोंडला कुणाकडे, हे पांगापांग व्हायच्या आत ठरवायचं: ज्या घराची खिरापत सगळ्यात आधी ओळखली गेली, त्या घरी. त्यांना परतफेडीची संधी मिळालीच पाहिजे, आणि घरी पोचेपर्यंत त्यांचं डोकं कामाला लागलेलंही असतं.